दक्षिणेकडे पडलेली सावली

१७ मे

आज सकाळी वारा अजिबात नव्हता. माडाचं एक झावळ हलत नव्हतं, आभाळ स्वच्छ, आणि तरीही दर्या आत आला. सुरूच्या झाडांखाली जुन्या जाळ्यांवर बांगडे आणि गोलमो सुकत घातला होता, तिथवर पाणी. बायका धावल्या, पण तीन-चार टोपल्यांचा माल भिजलाच. आगोटीच्या तोंडावर एवढं सुकं वाया जाणं म्हणजे पावसाळ्यातला आठवड्याचा घास जाणं.

शेजारचे रापणीतले काका कमरेवर हात ठेवून बघत होते. "वारो नाय, पावस नाय, आणि दर्यो असो कसो इलो?" मी लाटा मोजल्या. एक फुटली की दुसरी फुटायला सतरा-अठरा सेकंद. आपल्याकडच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा इतका दम घेत नाहीत. ही लाट लांबून आलेली.

समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा इशारा परवाच फोनवर आला होता. मी वाचला आणि शाळेच्या निकालाच्या गडबडीत कुणालाच सांगितला नाही. त्याची टोचणी दिवसभर आहे. दक्षिण महासागरात वादळ झालं की त्याच्या लाटा पाच-सहा दिवसांत सात-साडेसात हजार किलोमीटर कापून आपल्या किनाऱ्याला लागतात. वादळ तिकडेच विरून जातं, लाट चालत राहते. केरळात याला कळ्ळक्कडल म्हणतात, चोरपावलांनी येणारा समुद्र.

माझा धाकटा भाऊ अंटार्क्टिकावर आहे हे काकांना ठाऊक. त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे तुझ्या भावाकडनं इली."

७ जून

मिरग. पाऊस अजून नाही, पण मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढल्यात. पडवीला झापं बांधून झाली, लाकूडफाटा मांगरात गेला, आमसुलं, मीठ, मसाला, पापड डब्यांत बंद. आई दर वर्षी आगोटीची बेगमी झाली की एकदा सगळ्या डब्यांवरून हात फिरवते. या वेळी मसाल्याच्या डब्यापाशी थांबली. धाकट्याला दिलेली मसाल्याची पुडी संपली असेल का, हा तिचा प्रश्न.

धाकट्याकडची आगोट आपल्यापेक्षा कितीतरी मोठी. भारती या आपल्या देशाच्या अंटार्क्टिकावरच्या स्थानकावर जहाज येतं ते तिकडच्या उन्हाळ्यात, आणि मग समुद्र गोठला की पुढचे कित्येक महिने कुणी येत नाही की जात नाही. डिझेल, धान्य, औषधं, सुटे भाग, सगळं आधीच. वीसेक माणसं आणि जनरेटर. त्या जनरेटरची जबाबदारी आमच्या धाकट्यावर आणि त्याच्या एका सोबत्यावर आहे, म्हणून मला रात्री जाग आली की आधी तेच आठवतं.

२१ जून

पंधरा दिवसांत आज पहिल्यांदा ऊन पडलं, तेही जेमतेम वीस मिनिटं. पाऊण वाजायला आला होता. मी वर्ग सोडून पोरांना घेऊन अंगणात धावले आणि मीटरभराची काठी उभी केली. सावली वीतभरसुद्धा नव्हती, पण पडली होती ती दक्षिणेला. पोरांना खरंच वाटेना. वर्षभर दुपारची सावली उत्तरेला बघायची सवय. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला जातो आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परततो. मधल्या दिवसांत सावली उलटी फिरते, पण ढगांमुळे ती बघायला मिळत नाही. आज मिळाली.

आणि नेमका आजच त्यांचा हिवाळ्याचा मध्य. अंटार्क्टिकावरची सगळ्या देशांची स्थानकं आज एकमेकांना शुभेच्छा पाठवतात, गोडधोड करतात. मेच्या अखेरीला त्यांचा सूर्य गेला तो जुलैच्या मध्याला येणार.

रात्री फोन लागला. आवाज थोडा मागे-पुढे होतो, पण लागतो. मी काठीचं सांगितलं. तो म्हणाला, "ताय, हय सावलीच नाय. पण दुपारी उत्तरेक आकाश तांबडा झाला होता, तासभर." सूर्य क्षितिजाखाली तीनेक अंश असतो, वर येत नाही, पण त्याचा उजेड कडेला दिसतो. भारती साधारण ७६ रेखांशावर आहे, आम्ही साडेत्र्याहत्तरवर. म्हणजे त्याची मध्यान्ह आमच्याहून दहाएक मिनिटंच आधी. मी सावलीकडे बघत होते त्याच सुमारास तो त्या तांबड्याकडे बघत होता.

फोननंतर नकाशाचं पुस्तक काढलं. आमच्या किनाऱ्यावरून बोट सरळ खाली नेलं. लक्षद्वीप, मालदीव, मग विषुववृत्त ओलांडून चागोस. त्यानंतर पाणीच पाणी. डावी-उजवीकडे थोडं सरकलं की ॲमस्टरडॅम आणि सेंट पॉल ही ठिपक्याएवढी बेटं, मग ४९ अंशांवर केर्गेलेन, ५३ अंशांवर हर्ड, आणि तळाशी भारती. सगळं मिळून साडेनऊ हजार किलोमीटर, आणि वाटेत एकही मोठी जमीन नाही.

केर्गेलेनवर मी बराच वेळ थांबले. 'गरजणारे चाळीस', म्हणजे दक्षिणेकडच्या चाळीस ते पन्नास अंशांमधले सोसाट्याचे वारे, मी मुलांना इतकी वर्षं शिकवते, पण तिथे राहणं कसं असेल याचा विचार कधी केला नव्हता. पाच-पन्नास फ्रेंच माणसं तिथे आळीपाळीने राहतात. वाऱ्याला अडवायला झाड नाही. तिथल्या काही माश्यांना पंखच उरलेले नाहीत, कारण उडाली की वारा समुद्रात नेतो. तिथला रानकोबीही कीटकांची वाट बघत नाही, परागकण वाऱ्यावर सोडतो. सततच्या वाऱ्याने जिवांची घडणच बदलली. त्या मानाने आमच्या निवती रॉकवरच्या पाकोळ्या सुखी. पावसाळ्यात तिकडे होडी जात नाही एवढंच.

धाकट्याने तिकडच्या वाऱ्याबद्दल सांगितलं ते मला लगेच कळलं. बर्फाच्या पठारावरची हवा गारठून जड होते आणि उतारावरून समुद्राकडे घसरते. आपला पहाटेचा मतलई वारासुद्धा जमिनीवरून दर्याकडेच जातो. पण मतलई होड्या बाहेर नेतो, आणि तो वारा माणसाला दोर धरून चालायला लावतो. आज त्यांच्याकडे उणे पंचवीस होतं. हवा इतकी कोरडी की दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो, ओठ फुटतात, आणि धुतलेले कपडे खोलीत तासाभरात वाळतात. हे शेवटचं आईला फार आवडलं. आमच्याकडे चुलीवर दोरी बांधून चार दिवस झाले, चादरींचा कुबट वास जात नाही.

बर्फाचा एवढा डोंगर, पण त्या खंडाच्या आतल्या भागात वर्षाला पडणारा बर्फ वितळवला तर ५० मिलिमीटरसुद्धा भरत नाही. आमच्या शाळेच्या पर्जन्यमापकात काल एका दिवसात ११२ आला.

आणि हा पाऊस येतो तोही त्याच्याच बाजूने. दक्षिण गोलार्धात हिवाळा सुरू झाला की मॉरिशसच्या दक्षिणेला, तीस अंशांच्या आसपास, हवेचा दाब वाढतो. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरचं बाष्प घेऊन आमच्या घाटावर आदळतात. आईला मी एवढंच सांगितलं की तिकडे थंडी पडते म्हणून इकडे पाऊस पडतो. ती म्हणाली, मग पडू दे थंडी.

पण थंडीचंही आता खरं नाही. मार्च २०२२ मध्ये पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर, जिथे त्या दिवसांत उणे ५० च्या आसपास असायला हवं, तिथे पारा उणे १२ पर्यंत चढला. उत्तरेकडच्या समुद्रावरून दमट हवेचा लोट थेट आत घुसला होता. त्याच आठवड्यात काँगर नावाचा हिमपट्टा तुटून गेला. २०२३ च्या हिवाळ्यात तिथला समुद्र जेवढा कमी गोठला तेवढा उपग्रहाच्या नोंदी सुरू झाल्यापासून कधी गोठला नव्हता. आणि इथे २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते. तौक्तेच्या रात्री आमच्या मागच्या अंगणातले सात माड गेले. वडिलांनी लावलेले. त्यांची खोडं ओढताना धाकटा इथे होता. मला या गोष्टींची भीती वाटते, आणि ती वर्गात लपवायची नाही असं मी ठरवलंय. मुलांना सावलीही दाखवायची आणि हेही सांगायचं.

१७ जुलै

सकाळी साडेआठला ९४ मिलिमीटर. रात्रभर कौलांवर नुसता धिंगाणा. वीज नाही, फोन पंपावर जाऊन चार्ज करून आणला.

फोन चालू झाल्याबरोबर फोटो आला. बर्फ, काळे खडक, आणि कडेला नखाएवढा सूर्य. सात आठवड्यांनी. खाली त्याने लिहिलंय की सगळे जण बाहेर येऊन उभे राहिले, कुणी बोलत नव्हतं.

आईला चष्मा लावून दाखवला. तिने फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. दुपारी तो उत्तरेला दिसतो हे मी तिला परत समजावलं.

"उत्तरेक," ती म्हणाली, "म्हंजे आपल्याच अंगाक मां?"

मी हो म्हटलं. तिने पदराने फोनची काच पुसली आणि पुन्हा बघायला लागली.