कडेला आणि कडेगे

गुरुवार, रात्र

सुगीत कोर्टाची तारीख म्हणजे साक्षीदारालाच शिक्षा. कापलेलं भात शेतात पसरलेलं, आणि मी सकाळपासून तालुक्याच्या कोर्टाबाहेर बाकावर. मागच्या वेळी आरोपीचे वकील आले नाहीत म्हणून हात हलवत परत आलो होतो. आज डबा घेऊनच गेलो. आधीच्या साक्षीदाराचं ऐकायचं नसतं, म्हणून आत बसता येत नाही. माझा पुकारा झाला तीन वाजता.

2022 साली फाट्यावर टेम्पोनं एका म्हाताऱ्याला उडवलं, ते मी पाहिलं, एवढाच माझा संबंध. खटला जुन्या दंड संहितेच्या 279 (बेदरकार गाडी चालवणं) आणि 304-अ (निष्काळजीपणानं मृत्यू) कलमांचा. 1 जुलै 2024 ला नवे कायदे आले, पण गुन्हा त्याआधीचा. सरकारी वकिलांनी पोलिसांत दिलेला माझा जबाब आधी वाचून दाखवला. खाली माझी सही नाही बघून पोटात गोळा आला. पण साक्षीदाराच्या पोलीस जबाबावर सही घ्यायचीच नसते म्हणे.

शपथ घेतली. सिनेमातल्यासारखी गीता वगैरे काही नाही, नुसतं तोंडानं म्हणायचं.

सरकारी वकील विचारायचे, "मग काय पाहिलंत?" उत्तर ते सुचवू शकत नाहीत. उलटतपासणीत मात्र दुसरे वकील उत्तरासकटच प्रश्न टाकतात : "तुम्ही तेव्हा चहा पीत होता, बरोबर?" "तुमचं तोंड दुकानाकडं होतं, बरोबर?" दोनदा मान डोलावली आणि तिसऱ्यांदाही डोलावणार होतो, तेवढ्यात न्यायाधीश म्हणाले, तोंडानं सांगा, मान लिहून घेता येत नाही.

किती फुटांवरून पाहिलं, हे काही सांगता येईना. फुटपट्टी घेऊन कोण उभा असतो? मी म्हटलं, इथून त्या दरवाजापर्यंत. तेच लिहून घेतलं. टेम्पोचा नंबर विचारला. तेव्हा वाचला होता, आता डोक्यातून गेलाय. आपण घरात कन्नडमधलं 'गोत्तिल्ला' आणि 'नेनपिल्ला' एकाच तोंडानं म्हणतो, पण तिथं एकाचा अर्थ ठाऊकच नव्हतं आणि दुसऱ्याचा विसरलो. मी 'नेनपिल्ला' म्हटलं.

शेवटी वकील म्हणाले, तुम्ही अपघात पाहिलाच नाही, मयताच्या घरच्यांसाठी खोटं सांगताय. कान तापले. पण हे ते प्रत्येकालाच विचारतात. आपण 'खरं नाही' म्हणायचं आणि गप्प राहायचं. मी जरा जास्तच बोललो, तेवढं चुकलं.

खरी गंमत पुढं. मी मराठीत सांगितलेलं कन्नडमध्ये लिहिलं गेलं होतं, ते वाचून दाखवायला लागले. मी म्हटलेलं, म्हातारा सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभा होता. कागदावर आलं, 'रस्ते कडेगे'. म्हणजे रस्त्याच्या दिशेनं! इकडच्या माणसाला दोन्ही भाषा येतात म्हणून पकडलं, नाहीतर म्हातारा टेम्पोपुढं चालत आला असं झालं असतं. हात वर करून सांगितलं, साहेब, तो उभा होता, 'पक्कदल्ली', म्हणजे बाजूला. न्यायाधीशांनी मान वर करून विचारलं, पुन्हा सांगा. सांगितलं. तेवढी ओळ दुरुस्त झाली, पुन्हा वाचली, मग मी सही केली.

टेम्पोवाला मागं उभाच होता. बारीक झालाय. त्याच्याकडं बघायचं टाळलं.

घरी आल्यावर आबांनी विचारलं, "शिक्षा झाली का?"

"कुठली शिक्षा? अजून डॉक्टरांची साक्ष व्हायचीय, तपास करणाऱ्या साहेबांची व्हायचीय."

"बरं. उद्या मळणीला तिघंच येणार म्हणालेत, चौथा बघ कोण मिळतो काय."