एकदाच आलेला ‘टक्’

रात्री पावणेबाराला माइक तपासताना एक ‘टक्’ आला. एकदाच. नंतर पाऊण तास कान लावून बसलो, पुन्हा आला नाही. पुन्हा आला असता तर पकडला असता.

उद्या वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर शूटिंग, साडेसहाचा कॉलटाइम.

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर. माइक दोन रजयांत गुंडाळलेला, गेन सगळा वर, पंखा बंद, मोबाइल बाहेरच्या खोलीत. अशा शांततेत माइकची स्वतःची बारीक सळसळ ऐकू येते. ती सलग हवी. त्या सलग सळसळीत हा एक खडा पडला.

पहिला संशय केबलवर. वायर बहुधा कनेक्टरच्या तोंडाशीच आतून तुटते, वरचं रबर मात्र शाबूत दिसतं. दोन्ही टोकं हळूहळू वाकवून पाहिली, काही नाही. केबल बदलली, तरी काही नाही. मग फँटम, म्हणजे रेकॉर्डरकडून केबलवाटे माइकला मिळणारा ४८ व्होल्टचा पुरवठा. मल्टिमीटर पिन १ आणि २ वर, मग १ आणि ३ वर. दोन्हीकडे ४७.६. चव्वेचाळीस ते बावन्नमध्ये काहीही चालतं, पण दोन्ही पिनांवर सारखंच हवं. एकीकडे कमी भरलं तर माइक चालल्यासारखा वाटतो आणि आवाज मोठा झाला की फाटतो. इथे तसं काही नव्हतं.

माइक शॉटगन, म्हणजे लांब नळीचा. त्या नळीच्या खाचाही पाहिल्या. बाजूने येणारा आवाज या खाचांतून थोड्याथोड्या फरकाने आत शिरतो आणि आतल्या आत स्वतःलाच खोडतो, समोरचा तेवढा एकसंध पोचतो. म्हणून खाचेत टेपचा चिकटा किंवा धूळ बसली की माइकची दिशाच बिघडते. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत समोरून बाजूला नेला, मग माइक जागेवर पाव-पाव वळसा फिरवून पुन्हा तेच. चारही अंगांनी किल्ल्यांची किणकिण सारखीच बोथट झाली. नळी खाली धरून कोरड्या ब्रशने झाडली. फुंकर मारायची नाही, तोंडाची वाफ थेट आत जाते.

म्हणजे उरलं बाष्प. तिथेच मन अडकलंय. गाडीतल्या एसीत तीन तास गार झालेली पेटी, आणि खोलीत शिरल्या शिरल्या मी ती उघडली. बाहेर पाऊस. गार धातूवर दमट हवा बसणारच. कॅप्सूलमधला, म्हणजे माइकच्या आवाज पकडणाऱ्या भागातला, विद्युतभार एवढासा असतो की ओलाव्याच्या पातळ थरातूनही तो झिरपतो, आणि मग टकटक सुरू होते. पेटी बंद ठेवून अर्धा-पाऊण तास थांबायचं, हे मीच सगळ्यांना सांगत असतो. सेनहायझरचा ४१६ माइक असता तर एवढा जीव खाल्ला नसता. तो रेडिओ फ्रीक्वेन्सीच्या तत्त्वावर चालतो, दमट हवा पुष्कळ सोसतो. भाड्याच्या यादीत होता, खोडला गेला. लेन्स मात्र तीन आल्या. कॅमेऱ्यावर छत्री धरायला वेगळा माणूस आहे. आवाजाला काय लागतं हे आवाज बिघडेपर्यंत कुणी विचारत नाही. दादांना हे बोललो होतो... जाऊ दे.

पण बाष्पाचा आवाज असा एकटा येत नाही. तो कढईत मोहरी तडतडावी तसा झुबक्याने येतो. तपासणीही रेकॉर्ड करत होतो म्हणून बरं. ती फाइल पुन्हा लावली, लहर मोठी करून पाहिली. एकच उभी रेघ, आगेमागे काही नाही. असली रेघ सैल जोडाची असते. किंवा पहिल्याच मोहरीची.

यापुढे कान काही सांगू शकत नाहीत. पहिली केबल लाल टेप लावून बाजूला काढली. माइक सिलिका जेलच्या डब्यात ठेवला. आधी दाणे बघितले तर अर्धे गुलाबी पडलेले, म्हणून निळ्या दाण्यांची नवी पुडी फोडली. शॉक माउंटचं, म्हणजे माइक झुलता धरणाऱ्या पकडीचं, एक रबर कडक झालं होतं, तेही बदललं. ते नसतं बदललं तर बूम, म्हणजे माइकची लांब काठी, धरणाऱ्या पोराच्या बोटांची प्रत्येक हालचाल ट्रॅकवर आली असती. या ‘टक्’मुळे निदान ते तरी हाती लागलं.

उद्या नदी माइकच्या बाजूला ठेवायची, समोर नको आणि नेमकी पाठीमागेही नको, कारण या नळीला मागूनही थोडं ऐकू येतं. दोघा नटांनाही लेपल, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माइक, वेगळ्या ट्रॅकवर. सीन सुटण्याआधी सगळ्यांना गप्प करून मिनिटभर नुसता घाट रेकॉर्ड करायचा. ‘टक्’ आलाच तर त्या जागी ठिगळ लावायला घाटाचाच आवाज हवा.

पेटी सकाळी डिकीत जाईल, पुढे एसीत नाही. साडेपाचला पुन्हा रजई.