स्ट्रेनरमध्ये आलेली हिमनदी

इंजिन कंट्रोल रूमला खिडकी नसते. हिमनदी जवळ आली हे मला कळतं ते एका आकड्यावरून. चिलीतल्या पुंता अरेनास बंदरातून निघताना समुद्राच्या पाण्याचं तापमान ९ अंशांच्या आसपास असतं. मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून आत वळलं की ते उतरू लागतं, बीगल चॅनलच्या वायव्य फाट्यात ५ होतं, आणि पडद्यावर ३ दिसला की समजायचं, वर डेकवर सगळे प्रवासी कॅमेरे घेऊन कठड्याशी उभे आहेत.

मी या जहाजावर सेकंड इंजिनिअर. जहाज लहान, प्रवासी शंभरच्या आत. मोठी क्रूझ जहाजं जिथे तोंडही घालू शकत नाहीत अशा चिलीच्या दक्षिण टोकाच्या फियॉर्डमध्ये, म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या अरुंद, खोल खाड्यांमध्ये, आम्ही जातो, झोडियाक नावाच्या रबरी बोटी पाण्यात सोडतो, माणसांना खडकावर उतरवतो आणि चार दिवसांनी अर्जेंटिनातल्या उश्वायाला पोचतो. वाटेत हवा साथ देईल तर केप हॉर्न. माझा तिसरा सीझन होता, आणि त्या सकाळपर्यंत मी पीया हिमनदी दिवसाउजेडी एकदाही पाहिली नव्हती. जहाज बर्फाजवळ गेलं की इंजिनचे सगळे लोक स्टँडबायला, म्हणजे सज्ज होऊन, खालीच असतात. तक्रार नाही, कामच ते.

त्या दिवसाची गोष्ट समजायला सी चेस्ट म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, जाळी लावलेली एक लोखंडी पेटी असते. समुद्राचं पाणी तिच्यातून आत येतं, स्ट्रेनर नावाच्या मोठ्या गाळणीतून जातं आणि पंप ते कूलरकडे ढकलतात. त्या पाण्यावर इंजिनं थंड राहतात. आमचं जहाज डिझेल-इलेक्ट्रिक. प्रोपेलर फिरवणारी मोटार, जहाजाचं नाक आडवं सरकवणारा पुढचा थ्रस्टर, स्वयंपाकघर, केबिनमधले दिवे, सगळं तीन जनरेटरवर चालतं, आणि ते तिन्ही जनरेटर जगतात या एका पाण्यावर. इंजिनाच्या पाच मीटरवर अथांग थंड पाणी असूनही इंजिन तापून बंद पडू शकतं, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. त्या पाण्यात बर्फाचा चुरा असला की अगदी तेच होतं.

फेब्रुवारीची सकाळ. पीया फियॉर्डमध्ये आम्ही साठ-पासष्ट प्रवासी गाईडांबरोबर किनाऱ्यावर उतरवले होते. फियॉर्ड खोल, त्यामुळे तिथे आम्ही नांगर टाकत नाही, प्रोपेलर आणि थ्रस्टरच्या जोरावर जहाज जागेवर धरून ठेवतो. दहाला दहा मिनिटं असतील. आधी पत्र्यातून एक लांब गुरगुर आली. त्यानंतर बाहेरच्या बाजूने घासल्याचा आवाज, सुका नारळ फरशीवरून ओढावा तसा, पण सगळीकडून.

आमचा मोटरमन, म्हणजे इंजिनरूममधला खलाशी, गोव्याचा, सासष्टीचा. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला अंकल म्हणतो. तो मला सेकंड साब. तो पंपांच्या मजल्यावरून जिन्याने अर्धा वर आला आणि म्हणाला, "पंपाचो आवाज बदल्ला, साब." अलार्म अजून वाजला नव्हता. मी खाली गेलो. पंपातून खडी फिरत असल्यासारखा आवाज येत होता. दाब २.२ बारवरून १.४ वर आला होता.

खालच्या सी चेस्टवरून पाणी घेणं आम्ही आधीच सुरू केलं होतं. बर्फ तरंगतो, म्हणून बर्फात शिरण्याआधी वरची पेटी बंद करून तळाची उघडायची, हे पुस्तकात असतंच. पण थ्रस्टर आणि प्रोपेलर पाणी घुसळतात, आणि वर तरंगणारा चुरा जहाजाच्या पोटाखाली ओढला जातो. स्ट्रेनर दोन. एक बंद करून दुसरा चालू केला, पहिल्याचं झाकण उघडलं. आतली बास्केट काठोकाठ भरलेली. उन्हाळ्यात गोळ्याच्या गाडीवर रंधा मारून काढलेला बर्फ असतो ना, तसा, फक्त दाबून दगड झालेला. अंकलने पान्याने ठोकून तो फोडला, बास्केट बसवली, झाकणाचे नट आवळले. तोवर दुसरा भरला होता.

ब्रिजवरून, म्हणजे वर जिथून जहाज चालवतात तिथून, कॅप्टनचा फोन आला. हिमनदीचा मोठा कडा कोसळला होता. वाऱ्याने दिशा बदलली होती, आणि हिमनदीपुढचा सगळा चुरा आमच्या अंगावर येत होता. बर्फ इतका दाटला की झोडियाक त्यातून परत येऊ शकत नव्हत्या. माणसं सुखरूप होती. कडा पडल्यावर लाट येते, ती किनाऱ्यावर चढते, म्हणून गाईडांनी बोटी आधीच उंच खडकांवर ओढून बांधल्या होत्या.

हे बोटी उंच ओढणं तिथे फार जुनं आहे. जानेवारी १८३३ मध्ये याच वायव्य फाट्यात 'बीगल' जहाजाच्या बोटी घेऊन कॅप्टन फिट्झरॉयची माणसं किनाऱ्यावर जेवायला थांबली होती. समोरचा हिमकडा तुटला, लाट उठली. धावत जाऊन ज्यांनी बोटी धरल्या त्यांत २३ वर्षांचा चार्ल्स डार्विन होता. बोटी गेल्या असत्या तर ती सगळी माणसं तिथेच अडकली असती. फिट्झरॉयने जवळच्या मोकळ्या पाण्याला डार्विन साउंड हे नाव दिलं ते त्यानंतर. आमच्या गाईडांनी ही गोष्ट प्रवाशांना दर फेरीत सांगावी आणि दर फेरीत बोटीही तितक्याच उंच ओढाव्यात, याचं मला फार मोल वाटतं.

कॅप्टनचं म्हणणं साधं होतं: जहाज जागेवर हवं. माणसं किनाऱ्यावर सोडून बाहेर पडता येत नव्हतं, आणि वीज गेली तर वारा आम्हाला समोरच्या खडकाच्या कड्याकडे नेणार होता.

चीफ इंजिनिअर क्रोएशियाचे. चाळीस वर्षं समुद्रावर, बोलणं अगदी कमी. त्यांनी लाँड्री, किचन, केबिनची हीटिंग, सगळं बंद करायला लावलं, म्हणजे जनरेटरवरचा भार उतरेल. मग ब्रिजला सांगितलं, थ्रस्टर बंद करा, तोच बर्फ खाली ओढतोय. कॅप्टनसाठी ते सोपं नव्हतं. तशा वाऱ्यात थ्रस्टरशिवाय जहाज धरणं म्हणजे एका हाताने होडी वल्हवणं. त्यांनी तरीही तो बंद केला.

स्ट्रेनर आधी पंधरा मिनिटांनी भरत होते, मग सहा, मग चार. मी, अंकल आणि थर्ड इंजिनिअर आलटून पालटून नट सोडत आणि आवळत होतो. हातमोजे भिजले, बोटं बधिर झाली. दोन नंबरच्या जनरेटरचं पाणी ८२ अंशांवर असतं, ते ९१ झालं, ९५ झालं, अलार्म झाला. मी स्ट्रेनरवर वाकलेला असताना तो जनरेटर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. चालू असलेल्या दुसऱ्यावर सगळा भार आला आणि अर्ध्या मिनिटात तोही गेला.

अंधार.

इंजिनरूममध्ये काम करणाऱ्याला शांतता ओळखीची नसते. पंखे थांबले, पंप थांबले, आणि चहूबाजूंनी जहाजाच्या पत्र्याबाहेर बर्फ चुरचुरताना ऐकू आला. हिमनदीच्या बर्फात दाबली गेलेली हवा असते, बर्फ वितळताना तिचे बुडबुडे फुटतात. हजारो ठिकाणी एकदम फुटत होते. कढईत फोडणी पडावी तसा तो आवाज होता. मी तो आयुष्यात विसरणार नाही.

आपत्कालीन जनरेटर वरच्या डेकवर असतो. नियमाप्रमाणे त्याने ४५ सेकंदांच्या आत वीज द्यायला हवी. त्याला रेडिएटर असतो, समुद्राचं पाणी लागतच नाही, म्हणूनच तो अशा वेळी सुरू होतो. दिवे आले. पण प्रोपेलर फिरवण्याएवढी वीज त्याच्यात नसते. जहाज वाहू लागलं होतं.

याच खाड्यांमधून इथले मूळ रहिवासी यागान लोक झाडाच्या सालीच्या होड्यांतून फिरायचे. होडीच्या मधोमध वाळू-मातीचा थर, त्यावर पेटता विस्तव, आणि तो रात्रंदिवस सांभाळायचा, कारण इथल्या पावसा-बर्फात विझलेला विस्तव पुन्हा पेटवणं महाकठीण. त्यांची भाषा मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या क्रिस्तिना काल्देरोन २०२२ मध्ये वारल्या. त्या अंधारात हे काही माझ्या मनात आलं नव्हतं. नंतरच्या कित्येक रात्री मात्र येत राहिलं.

आता चुकीबद्दल. बर्फात चालणाऱ्या जहाजांना एक जादा पाईप असतो. इंजिनं थंड करून गरम झालेलं पाणी एरवी समुद्रात जातं. या पाईपने ते परत सी चेस्टमध्ये सोडता येतं, म्हणजे पेटीतला बर्फ आतच वितळतो. आमच्या जहाजावर तो पाईप होता. त्याचा व्हॉल्व्ह चीफने पहिल्या पंधरा मिनिटांतच उघडायला सांगितला होता, आणि तो पाव फेरा फिरून अडकला होता. मीठ आणि गंज. महिन्याच्या तपासणीच्या कागदावर त्यापुढे 'चालू' अशी खूण होती, आणि गेल्या महिन्याची सही माझी होती. मी चाक हाताने हलवून पाहिलं होतं, ते हललं होतं, मी सही केली होती. शेवटपर्यंत उघडून पाहिला नव्हता. माझ्या आधीच्यांनीही पाहिला नसणार, पण त्याने माझी सही खोटी व्हायची थांबत नाही.

चीफ त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू स्ट्रेनर सोड. व्हॉल्व्ह उघड."

माझं गाव हर्णै. बाबा बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. डब्यात गोठलेली बर्फाची लादी बाहेर काढायची तर नवा पोरगा डब्यावर हातोडा मारायचा, आणि बाबा ओरडायचे, "अरे, मारतोस काय त्याला? पाण्यात बुडव." साध्या पाण्यात डबा क्षणभर बुडवला की लादी आपोआप सुटते. मी अंकलला म्हटलं, बास्केटमधला बर्फ ठोकू नका, गरम पाणी आणा. आपत्कालीन विजेवर पॅन्ट्रीतला एक बॉयलर चालत होता. तिथून बादल्यांची रांग लागली, वेटरपासून लाँड्रीवाल्यापर्यंत सगळे जिन्यावर उभे राहिले. अर्धं पाणी स्ट्रेनरवर, अर्धं व्हॉल्व्हच्या अंगावर. गरम झालेल्या स्पिंडलवर, म्हणजे चाकाच्या दांड्यावर, तेल सोडलं, चाकाला पाना लावला, पान्याला पाईप. फार जोर केला तर स्पिंडल तुटतो, आणि तुटला की संपलं. थोडा उघडायचा, थोडा बंद करायचा, पुन्हा थोडा उघडायचा. थर्ड इंजिनिअर ब्रिजच्या फोनवर होता आणि कड्यापासूनचं अंतर मला सांगत होता. मी त्याला सांगितलं, नको सांगूस.

किती वेळ गेला ते लॉगबुकात आहे: नऊ मिनिटं. चाक एकदम सैल झालं आणि मी पाईपसकट मागे पडलो.

तीन नंबरचा जनरेटर तोवर थंडच होता. तो चढवला, पंप सुरू केला. निम्मा-अर्धा दाब आला. पण तेवढ्याने थोडं पाणी फिरलं, ते तापलं, तापलेलं पेटीत परत गेलं आणि बर्फ सुटू लागला. ०.६. १.१. बराच वेळ १.१. मग १.९. मी काटा बघत होतो आणि अंकल क्रॉस करत होता. प्रोपेलरला वीज दिली तेव्हा कड्यापासून जहाज किती लांब होतं, ते मी संध्याकाळी विचारलं. तो आकडा मी घरी सांगितलेला नाही, इथेही लिहीत नाही.

दुपारी वारा पडला, बर्फ पसरला आणि बोटी परत आल्या. प्रवाशांना सूप मिळालं. किनाऱ्यावरून त्यांना जहाज दिसत होतं, पण आत काय चाललंय ते कळलं नव्हतं. एक आजी वेटरला म्हणाल्या म्हणे, की एवढी सुंदर सकाळ मी आयुष्यात पाहिली नाही. ते ऐकून मला मनापासून बरं वाटलं. माणसं त्यासाठीच एवढ्या लांब येतात.

अंकलने शेवटच्या बास्केटमधला एक खडा बाजूला ठेवला होता. काचेसारखा स्वच्छ, मुठीएवढा. त्याने तो माझ्या कानाशी धरला. आत चुरचुर चालू होती. मी जीभ लावून पाहिली, मीठ अजिबात नव्हतं.

संध्याकाळी मी तपासणीचा कागद काढून माझ्या सहीखाली खरं काय ते लिहिलं, तारीख घातली आणि चीफसमोर ठेवला. त्यांनी वाचलं, सही केली. म्हणाले, "अजून उजेड आहे. दहा मिनिटं वर जा."

फेब्रुवारी म्हणजे तिथला उन्हाळा, रात्री नऊपर्यंत दिसतं. फियॉर्डच्या तोंडाशी आम्ही अजून हळू चालत होतो. मी बॉयलरसूटमध्येच मागच्या डेकवर गेलो. तिथे कोणी नव्हतं. पीया दोन फाट्यांनी डोंगरातून उतरलेली, निळी, मधे काळ्या खडकाचा सुळका. तिच्या पायाशी तोच पांढरा चुरा पसरलेला, ज्याला मी दिवसभर हाताने उचलत होतो. बघता बघता डाव्या बाजूचा एक तुकडा सुटला आणि आवाज न करता पाण्यात गेला. मी आवाजाची वाट पाहत मनात मोजू लागलो. वारा कुठला, चुरा आमच्यापर्यंत यायला किती मिनिटं, स्ट्रेनर कुठला चालू आहे. आवाज आला तेव्हा मी जिन्याच्या दारात पोचलो होतो.