जुलैतला वॉलआय आणि माझी झटका मारायची खोड

परवा परत अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या मिल लॅक्स तळ्यावर वॉलआय नावाचा गोड्या पाण्यातला मासा गरवायला जाऊन आलो. मिनियापोलिसहून गाडीने पावणेदोन तास, आणि तळं म्हणायचं ते आपलं म्हणायचं म्हणून, पाचशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलंय, पलीकडचा काठ दिसत नाही, पण खोली मात्र जेमतेम ४० फूट. तीन उन्हाळे इथून हात हलवत आलोय, यंदा जरा मासे लागले म्हणून लगेच शहाणपणा शिकवतोय, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, आरशासारखं शांत पाणी आणि डोक्यावर ऊन असेल तर फोटो काढा आणि टपरीवर जाऊन बर्गर खा. वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखा चकाकणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला झकास दिसतं आणि तो ज्या बारक्या पर्च माशांवर ताव मारतो त्यांना तितकं दिसत नाही. म्हणून हा शिकारीला निघणार तिन्हीसांजेला, नाहीतर ढगाळ दिवशी, नाहीतर वारा सुटून बोट हलायला लागली की. पोटात ढवळतंय ना, मग बरोबर जागी आहात.

दिवसा तो खोलात असतो. तळ्याच्या उत्तरेच्या भागात पाण्याखाली चिखलाची पठारं आहेत, फिश फाइंडरवर (पाण्याखालचा तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) त्यांची कड शोधायची, साधारण २५-३० फुटांवर, आणि कडेकडेने बोट अगदी मुंगीच्या पावलांनी न्यायची. मी लिंडी रिग नावाची गळाची मांडणी वापरतो. शिसं दोरीवर मोकळं सरकतं, त्याच्यापुढे चार-पाच फूट बारीक दोरी आणि टोकाला छोटी गरी. मासा आमिष घेऊन पळाला तरी शिशाचं वजन त्याला जाणवत नाही, सगळी गंमत तिथेच आहे.

आणि आमिष कुठलं, तर जळू! कोकणात पावसात रानात गेलो की पायाच्या जळवा उपटून फेकणारा मी, इथे पैसे देऊन डबाभर जळवा विकत घेतो. जळूच्या रुंद टोकाला, जिथे ती चिकटते ना, तिथे गरी टोचायची, म्हणजे पाण्यात ती रिबिनीसारखी लांब होऊन वळवळते. फक्त टोचेपर्यंत ती तुमच्या अंगठ्याला चिकटून बसणार, त्याला इलाज नाही. जळू नसेल तर गांडूळ, उन्हाळ्यात तेही चालतं.

आता माझी खोड. लहानपणापासून खाडीवर गरवायला जायचो, शिंगाळा लागला की दोरीला असा हिसका बसतो की आपण पण झटका मारतोच. वॉलआय असलं काही करत नाही, बोटावर धरलेल्या दोरीत फक्त एक हलकं 'टक्' येतं, कुणी दारावर नख मारल्यासारखं. मी झटका मारायचो आणि वर यायची अर्धी जळू. शेवटी शेजारचे म्हातारबुवा बोटीत बसले होते ते वैतागून म्हणाले, अरे त्याला खाऊ दे की! तर आता टक् झालं की दोरी बोटावरून सोडून देतो, मनात दहा आकडे मोजतो (पाचाच्या पुढे जीव जातो), मग ढील गुंडाळून वजन लागलं की काठी सावकाश मागे ओढतो. बस.

सूर्य मावळायला नऊ वाजतात, त्याच्या आधी तासभर आम्ही खडकांवर जातो, आठ-दहा फूट पाणी, सरकता बॉबर (दोरीवरचा तरंगता गोळा), जळू तळाच्या फूटभर वर लटकवलेली. यात अक्कल लागत नाही, बॉबर बुडाला की ओढा. पोरांना घेऊन जायचं तर हेच करा.

एक मात्र, बास माशासारखं वॉलआयच्या तोंडात अंगठा घालून फोटो काढायला जाऊ नका. दात सुळ्यांसारखे असतात, माझा अंगठा अजून दुखतोय.

किती आणि किती इंचाचे ठेवायचे ते नियम इथे बदलत राहतात, निघायच्या आधी बघा, आणि लायसन्स काढा. निघताना बोटीचं बूच काढून सगळं पाणी सोडायचं, तोही कायदा आहे.

एकच मासा घरी आणता आला. मांस पांढरंशुभ्र, काटा जवळपास नाहीच, आगळ-मसाला लावून रव्यात घोळवून तळला. आईला व्हिडिओ कॉलवर ताट दाखवलं, तर ती म्हणाली, "जळू खाल्लेला मासा? शी! ...कुरकुरीत झालाय का पण?"