तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबईने नाशिकला खाल्लं का?

मी नाशिकला स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये भूगोल शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतो. क्लासमधली पोरं परीक्षेच्या भाषेत विचारतात, मॅडम, भारतासारख्या एवढ्या मोठ्या देशात एकच शहर बाकीच्यांना झाकोळून टाकू शकतं का. आणि सुट्टीला आलेले पाहुणे, बहुतेक डोंबिवली-ठाण्याकडचे, मिसळीवर दुसऱ्यांदा तर्री घेता घेता तेच विचारतात, "काय हवा आहे गं इथली, पाणी आहे, द्राक्षं आहेत, मग नाशिक मोठं का नाही झालं? मुंबईने खाल्लं ना?" दरवेळी मी चहा होईपर्यंत थोडं काहीतरी सांगते आणि विषय लग्नकार्यावर जातो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी पोरांचं उत्तर. मार्क जेफरसन नावाच्या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९३९ साली प्रायमेट सिटीची कल्पना मांडली, म्हणजे देशातलं पहिलं शहर दुसऱ्याच्या निदान दुप्पट मोठं, आणि वजन तर दुपटीहूनही जास्त. थायलंडचं बँकॉक हे नेहमीचं उदाहरण, सगळ्या गाइडमध्ये असतं. मग पोरं लगेच निष्कर्ष काढतात की छोट्या देशात असं होतं, मोठ्यात होत नाही, आणि तिथे मी त्यांना अर्जेंटिनाचा नकाशा दाखवते. क्षेत्रफळात भारत जगात सातवा, अर्जेंटिना लगेच आठवा, म्हणजे देश काही लहान नाही, तरी तिथली जवळजवळ एक तृतीयांश माणसं एकट्या ब्युनोस आयर्स आणि त्याच्या आजूबाजूला राहतात आणि दुसऱ्या नंबरचं कोर्दोबा त्याच्या जवळपासही नाही. असं का, तर तिथल्या रेल्वेचा जुना नकाशा बघा. इंग्रजांच्या भांडवलावर बांधलेल्या लाइनी, गहू आणि मांस बंदरापर्यंत आणायला, बहुतेक येऊन मिळतात ब्युनोस आयर्सला. आतल्या दोन गावांना एकमेकांकडे जायचं तर आधी राजधानीच्या दिशेला तोंड करायचं. फ्रान्समध्येही १८४२ च्या कायद्याने आखलेल्या रेल्वेच्या मुख्य लाइनी पॅरिसमधूनच फुटत होत्या, आणि शंभरेक वर्षांनी, १९४७ मध्ये, ग्राव्हिए नावाच्या भूगोलतज्ज्ञाने आख्खं पुस्तक लिहून तक्रार केली की पॅरिस सोडून उरलेल्या फ्रान्सचं वाळवंट झालंय.

त्यामुळे माझं मत असं की देश किती मोठा यापेक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या शहरांना एकमेकांना भेटायला पहिल्या शहरातून जावं लागतं का, हे बघावं. रस्त्याने, रेल्वेने, फायलीने, पैशाने, कशानेही. जावं लागत असेल तर देश कितीही लांबरुंद असू दे, झाकोळणार.

या हिशोबाने भारत सुटला. २०११ च्या जनगणनेत उपनगरांसकट मुंबई १ कोटी ८४ लाख, दिल्ली १ कोटी ६३ लाख, कोलकाता १ कोटी ४१ लाख. कुणीच कुणाच्या दुप्पट नाही. इंग्रजांनी मुंबई, मद्रास, कलकत्ता अशी तीन बंदरं धरून तीन वेगळे कारभार चालवले, १९११ मध्ये राजधानी दिल्लीला न्यायची ठरली, पुढे भाषावार राज्यं झाली आणि बहुतेक राज्यांना आपापली राजधानी, आपापलं हायकोर्ट. चेन्नईच्या माणसाला मुंबईचं काय पडलंय? इंदूर, जयपूर, लखनौ यांना मुंबई आठवते ती पिक्चर आणि शेअर बाजारापुरती.

पण हेच गणित राज्याच्या आत करून बघा, मग घाम फुटतो. महाराष्ट्रात मुंबई १ कोटी ८४ लाख, मग पुणे ५० लाख, मग नागपूर २५ लाख, आणि आम्ही नाशिककर साधारण साडेपंधरा लाख. कर्नाटकात बंगळुरू ८५ लाख आणि म्हैसूर १० लाखांच्या आतच. उलट गुजरातमध्ये अहमदाबाद ६३ आणि सुरत ४६, उत्तर प्रदेशात लखनौ-कानपूर दोघं २९-२९ वर, म्हणजे राज्यातही असंच व्हायला पाहिजे असं काही नाही. (आकडे जुने आहेत, पण जनगणना म्हणून तेच हातात आहेत.) तर पोरांनो, पेपरात लिहा की देशपातळीवर भारतात प्रायमेट सिटी नाही, काही राज्यांत आहे. मार्क मिळतील.

आता पाहुण्यांचं उत्तर, आणि ते जास्त बोचरं आहे.

झाकोळण्यात अंतराचा मोठा वाटा असतो. लांब असलेलं शहर भांडून स्वतःचं काहीतरी मिळवतं. नागपूर मुंबईपासून आठशेच्या वर किलोमीटर, शिवाय १९५६ पर्यंत ते स्वतःच एका प्रांताची राजधानी होतं, त्यामुळे महाराष्ट्रात येताना १९५३ चा नागपूर करार करून हिवाळी अधिवेशन पदरात पाडून घेतलं, हायकोर्टाचं खंडपीठ आहे, पुढे आयआयएम आलं, एम्स आलं, मेट्रो धावली. आम्ही मुंबईपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आत. हे अंतर फार वाईट असतं हो, उपनगर व्हायला जास्त आणि स्वतंत्र संसार थाटायला कमी. काहीही मागितलं की उत्तर तयार, "मुंबई काय, इथेच तर आहे."

हायकोर्टाचंच बघा ना. धुळे, जळगाव, नंदुरबार, अहिल्यानगर ही आमच्या आजूबाजूची मंडळी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाला जातात, कोल्हापूरला २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्किट बेंच सुरू झालं, आणि नाशिकचा माणूस अपील करायचं म्हटलं की पहाटे उठून मुंबई. २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा आणि नाशिकची मेट्रो एकाच वाक्यात जाहीर झाले होते, आमच्या वाट्याला २,०९२ कोटी, टायरवर चालणारी निओ मेट्रो येणार म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पेढे वाटून झाले. नागपूरचं काम चालू झालं, आमची निओ कागदावरून उतरलीच नाही.

आणि पंचवटी एक्स्प्रेस. बाहेरच्यांना वाटतं एक गाडी आहे, आम्हाला ती आळीसारखी आहे. सकाळी सातच्या आसपास नाशिकरोड, पावणेअकराच्या सुमाराला सीएसएमटी, संध्याकाळी सहानंतर परत. माझे धाकटे दीर कित्येक वर्षं त्यात पासधारक होते. पासधारकांच्या डब्यात कोण कुठे बसणार हे ठरलेलं असतं, घोटीपर्यंत पेपर, मग इगतपुरीनंतर घाटात सगळे डोळे मिटणार आणि कसाऱ्याला कुणीतरी डबा उघडणार. दसऱ्याला गाडीला हार. मुलांच्या दहावीच्या मार्कांपासून मुलीला स्थळ बघण्यापर्यंत सगळं त्या डब्यात होतं, कारण घरी पोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजून गेलेले असतात आणि तोवर पोरं झोपलेली. गाडी चांगलीच आहे, बंद पडली तर सगळ्यात आधी मीच ओरडेन. पण रोज सकाळी शहरातली इतकी शिकलेली, कामाची माणसं गाडीत भरून दुसऱ्या शहराला पाठवली आणि रात्री नुसती झोपायला परत घेतली, तर त्या शहराच्या सभा, नाटकं, महापालिकेतली भांडणं यांना दिवसाउजेडी माणूस उरणार कुठून?

पण म्हणून "मुंबईने खाल्लं" हे मला पटत नाही, आणि इथे पाहुण्यांना जरा आश्चर्य वाटतं. नाशिकला जे मिळालंय त्यातलं बरंचसं मुंबई जवळ आहे म्हणूनच मिळालंय. नाशिकरोडला नोटा आणि स्टँपचे छापखाने इंग्रजांनी १९२० च्या दशकात आणले ते मुंबईची लाइन होती म्हणून. साठच्या दशकात सरकारने ठरवलं की कारखाने मुंबईत कोंबायचे नाहीत, १९६२ मध्ये एमआयडीसी आली, १९६४ पासून मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती, आणि मग सातपूर, अंबड, सिन्नर भरत गेलं. ओझरला मिग विमानांचा कारखाना त्याच काळातला. विल्यम अलोन्सो नावाच्या एका अभ्यासकाने १९७३ मध्ये याला उसना मोठेपणा म्हटलं होतं, म्हणजे मोठ्या शहराजवळचं छोटं शहर त्याचं गिऱ्हाईक, त्याचं बंदर, त्याचं विमानतळ वापरून आपल्या लायकीपेक्षा मोठं होतं. आता उसनं ते उसनंच, मालक आठवण करून देतो.

ही आठवण कशी करून दिली जाते ते बघायचं असेल तर संध्याकाळी नाशिकच्या पंचवटी भागातल्या मार्केट यार्डात जा. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील दिंडोरीकडून कोथिंबीर आणतात, एकदा त्यांच्याबरोबर उभी होते. जुड्यांचे ढीग ओळीने लावलेले, वर पाणी मारलेलं, व्यापारी ढिगामागून ढीग पुढे सरकतोय आणि शेकड्याने बोली चाललीये. एका व्यापाऱ्याच्या कानाला सगळा वेळ फोन, पलीकडे वाशीचं मार्केट. मध्येच त्याने हात खाली केला आणि बोली थंडच पडली. काय झालं विचारलं तर म्हणे मुंबईत पाऊस धरलाय, गाड्या अडकणार. आमच्याकडे आभाळ कोरडं, कोथिंबीर तीच, शेतकऱ्याने पहाटे काढलेली, पण दर पडला कारण दुसऱ्याच गावात पाणी तुंबलंय. ते काका काही बोलले नाहीत, मिळाला तो दर घेतला, सकाळपर्यंत कोथिंबीर थोडीच थांबते.

पाण्याचंही असंच. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी अप्पर वैतरणा आमच्या नाशिक जिल्ह्यातलं. इगतपुरी तालुक्यात पाऊस असा की छत्री घेऊन काही उपयोग नसतो, आणि उन्हाळ्यात त्याच भागातल्या पाड्यांवर हंडे. यावर पाहुणे गप्प बसतात, मग मीच म्हणते घ्या अजून एक पाव.

मात्र नाशिककरांनी फार भोळा चेहरा करू नये. आम्ही पण कुणाला तरी झाकोळतोच. मालेगाव आमच्याच जिल्ह्यातलं, शंभरेक किलोमीटरवर, लाखो माणसांचं यंत्रमागाचं शहर, आणि जिल्हा पातळीवरचं काहीही काम निघालं की त्यांना नाशिक गाठायचं. वेगळा जिल्हा द्या ही त्यांची मागणी इतकी जुनी आहे की प्रत्येक निवडणुकीत तिला नवीन कपडे घालून उभं करतात. सुरगाणा तालुक्यातल्या काही गावांनी तर २०२२ च्या डिसेंबरात सरळ सांगितलं, रस्ता नाही, दवाखाना नाही, आम्हाला गुजरातमध्ये टाका. त्यांना मुंबईशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यांचा राग जिल्ह्याच्या गावावर होता, म्हणजे आमच्यावर. नाशिकमध्ये तेव्हा लोकांना ती बातमी गमतीची वाटली होती. मला नाही वाटली. आम्ही मुंबईबद्दल जे बोलतो ते सगळं त्यात होतं, फक्त आम्ही दुसऱ्या बाजूला.

आता शेवटचा भाग, जो नणंदबाई पुण्याहून आल्या की निघतोच. हल्लीची पोरं पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसत नाहीत, आयटीवाली पुण्याला जातात, हैदराबादला जातात, ओझरहून दिल्ली-हैदराबादला थेट विमान आहे, म्हणजे देशात जायला आता मुंबई ओलांडावी लागत नाही. समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी ते आमणे तुकडा २०२५ च्या जूनमध्ये उघडला, त्यामुळे मुंबई अजून जवळ आली, नागपूरही. मात्र राज्यातल्या दुसऱ्या नंबरच्या शहराकडे, दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवरच्या पुण्याकडे, नाशिकहून सरळ रेल्वे नाही. एकतर खाली कल्याणकडे उतरा आणि पुन्हा घाट चढा, नाहीतर मनमाड-दौंडचा वळसा. अर्जेंटिनाचा नकाशा मी उगाच नाही काढत.

सेमी हायस्पीड रेल्वेची आखणी झाली होती, संगमनेर, नारायणगाव, चाकणवरून. मग खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला त्रास होईल म्हणून तो मार्ग अडला, आता शिर्डी-अहिल्यानगरवरून न्यायचं चाललंय, संगमनेर-नारायणगाववाले चिडलेत, आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. दुर्बीण महत्त्वाची आहेच, मी भूगोलाची बाई आहे, मी तिच्याविरुद्ध बोलणार नाही. पण मुंबईची लाइन घालताना १८६५ मध्ये आख्खा थळ घाट फोडून वाट काढली होती लोकांनी, तर एका दुर्बिणीला वळसा घालून जाणं एवढं अवघड का व्हावं. मुंबईला जोडायचं असतं तेव्हा डोंगर फुटतो आणि दोन धाकट्यांना एकमेकांशी जोडायचं असतं तेव्हा फाइल फिरते, आणि ती फाइल सहीला कुठे जाते हे सांगायला नको. नणंदबाई ई-शिवाईने येतात, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास गेला की फोन करतात, वहिनी, कुकर लावू नका एवढ्यात.