'करलं' म्हणणारी मुलगी

चार वर्षांच्या मुलीला तिचे आईबाबा बोलणं तपासून घ्यायला माझ्याकडे घेऊन आले. तक्रार अशी: आधी 'केलं', 'गेली' बरोबर म्हणायची, आता 'करलं', 'जाली' म्हणते. बोलणं मागे चाललंय का?

अशा वेळी मी खोटे शब्द काढते. मुलं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या जीन बर्को यांनी 1958 मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी केलेली ही युक्ती: शब्दच कधी ऐकलेला नसेल, तर त्याचं रूप पाठ असण्याचा प्रश्न येत नाही. मराठीत मात्र हे शब्द जपून घडवावे लागतात. 'दगड'सारखा अकारान्त पुल्लिंगी चालत नाही. अनेकवचनही 'दगड'च, मग मुलाने नियम लावला की माझंच बोलणं परत म्हटलं, कळणार कसं? स्त्रीलिंगी अकारान्तही नको, कारण 'भिंत-भिंती' आणि 'वाट-वाटा' अशी दोन्ही वळणं आहेत. शिवाय हा-ही लावून लिंग आपणच सांगायचं आणि अपेक्षित रूप मात्र प्रश्नात चुकूनही येऊ द्यायचं नाही.

"हा लुबा. अजून एक आला. आता हे दोन...?"
"लुबे."
"चेंडू कोणाला दिला?"
"लुब्याला."
"ही गिपी. या दोन...?"
"गिप्या."
"हा रोज टुमतो. काल पण तो...?"
"टुमला!"

एकही अडखळ नाही. मग खरा शब्द घेतला, सशाचं चित्र दाखवलं. गाजर कोणाला? "सस्याला." म्हणजे लुब्याचा साचा सशालाही! पुढे चित्र रंगवताना ती एका दमात म्हणाली, "आईने घर केलं, मी पण करलं." दोन्ही रूपं एकाच वाक्यात.

पूर्वीचं 'केलं' तिने अख्खं उचललेलं होतं, 'कर'शी त्याचा संबंध नव्हता. आता 'बसला', 'पडला' यांतला 'ला' तिला सापडलाय आणि ती तो सगळीकडे लावतेय. अपवाद कानावर पडून पडून पक्के होतात, तोवर काही महिने सरमिसळ चालते. "नीट म्हण" म्हणून वदवून घेऊ नका, असं आईबाबांना सांगितलं. "हो, छान केलंस" एवढं उत्तर पुरे.

ती 'दोन लुबा', 'लुबा दिला' म्हणाली असती आणि खऱ्या शब्दांचे प्रत्ययही गळत असते, तर आधी श्रवणचाचणीला पाठवलं असतं. प्रत्यय आखूड, उच्चारात जोर नसलेले. कमी ऐकू येणाऱ्या कानातून ते सहज निसटतात.