तिसऱ्यांच्या शिंपल्यांतून हाडाचा पर्याय: माझा अनुभव

बाबा गोव्यात म्हापशाला मोटरसायकल पायलट, म्हणजे भाड्याने मोटरसायकलवरून प्रवासी नेणारे. अपघातात त्यांची नडगी मोडली आणि आठ महिने झाले तरी हाड जुळेना. शेवटी डॉक्टरांनी कंबरेच्या कडेचं थोडं हाड काढून तिथे भरलं. पाय जुळला, बाबा पुन्हा गाडीवर बसले. पण वर्षभर म्हणायचे, "पाय बरा गो, कंबर दुखते." रुग्णाचं स्वतःचं हाड हाच आजही सर्वांत भरवशाचा ग्राफ्ट, म्हणजे मोडलेल्या जागी भरायचा तुकडा आहे, पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. पीएचडीचा विषय निवडताना माझ्या मनात तेच होतं.

हाडातलं मुख्य खनिज हायड्रॉक्सीॲपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटच्या जातीचं. ते बनवायला कॅल्शियम लागतं, आणि ते आमच्याकडे स्वयंपाकघराच्या मागे पडलेलं असतं. तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) खाल्ल्यावर उरलेले शिंपले म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. पूर्वी इथे शिंपले भाजून घरांसाठी चुना करत. मी तेच 900 अंशांना मफल भट्टीत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बंद भट्टीत केलं. 100 ग्रॅम शिंपल्यांतून साधारण 56 ग्रॅम कळीचा चुना मिळतो, बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. चुना पाण्यात विरवायचा, त्यात फॉस्फोरिक ॲसिड थेंब थेंब सोडायचं, पीएच दहाच्या खाली जाऊ द्यायचा नाही. एप्रिल-मेमध्ये सगळं छान जमलं.

जूनमध्ये बिघडलं. भाजलेल्या पावडरीच्या एक्सआरडी आलेखात (क्ष-किरणांनी कोणतं खनिज आहे ते ओळखतात, त्यात) 31.8 अंशांच्या शिखराशेजारी 31 अंशांवर दुसरं उभं राहिलं. ते बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे कॅल्शियम कमी पडलेलं. हायड्रॉक्सीॲपेटाइटमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण 1.67 लागतं, यात ते 1.5 असतं. मी ॲसिड बदललं, पीएच मीटर पुन्हा पुन्हा तपासला, रात्री दोनपर्यंत थेंब मोजत बसले. तीन महिने गेले. मार्गदर्शक मॅडमनी एकदा नुसतं विचारलं, "चुना भाजल्यावर किती वेळाने तोलतेस?" मी आदल्या दिवशी भाजून बाटलीत ठेवत होते. गोव्याच्या पावसाळी हवेत कळीचा चुना ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतो. मी दहा ग्रॅम म्हणून तोलत होते त्यात चुना दहा ग्रॅम नव्हताच. तेव्हापासून भट्टीतून थेट डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, आणि गार झाला की लगेच काट्यावर. दुसरं शिखर नाहीसं झालं.

गंमत अशी की ती मिसळण वाया गेली नाही. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट शरीरात लवकर विरघळतं, हायड्रॉक्सीॲपेटाइट टिकून राहतं. दोन्ही मिळून बनवलेले ग्राफ्ट वापरातही आहेत. मात्र तेच प्रमाण दर वेळी हुकमी यायला हवं. आता मी ते मुद्दाम आणते.

हाडासारख्या छिद्रांसाठी मत्स्यटाकीच्या फिल्टरचा स्पंज या पावडरीच्या पाण्यातल्या घोळात बुडवला. स्पंज जळून गेला की छिद्रं उरतात, पण तो हळू, मिनिटाला एक अंश तापमान वाढवत, जाळावा लागतो. घाई केली की तुकडा तडकतो. पुढे 1200 अंशांवर भाजायचं. नवीन हाड आत शिरायला शंभर मायक्रॉनच्या वरची, एकमेकांना जोडलेली छिद्रं लागतात. ती मिळाली, पण तुकडा नखाने खरवडला तरी चुरा. ओळखीच्या ऑर्थोपेडिक सर्जनना दाखवला तर ते म्हणाले, "भार प्लेट आणि स्क्रू पेलतील. मी कातरताना याचं पीठ होऊ नये, आणि रक्त शोषलं पाहिजे, एवढं दे." मग दोनदा बुडवायला लागले. आता दोन मेगापास्कलपर्यंत (दाब मोजायचं एकक) ताकद येते. हाडाच्या आतल्या जाळीदार भागाच्या ताकदीच्या किमान पातळीला पोचली म्हणायची.

पुढे पेशींवरच्या विषारीपणाच्या चाचण्या आहेत, त्या जमल्या तर नैतिक समितीची परवानगी आणि सशांवरचे प्रयोग. माणसांपर्यंत हे जाईल तेव्हा मी बहुधा इथे नसेन. परवा एक तुकडा घरी नेला. बाबांनी तो अंगठ्याने दाबून पाहिला, तुटला नाही. मग मला विचारलं, "आज तिसऱ्या आणू?"